तुरुंगातली इज्जत कुणाकडून मिळते आणि तिची किंमत कोण मोजतं?

मुलगा आत गेला की घरचे पहिल्या मुलाखतीत तीन प्रश्न विचारतात. जेवण मिळतं का? कुणी मारत नाही ना? तारीख कधी आहे? प्रश्न बरोबरच आहेत. पण आणखी एक प्रश्न फार कमी लोक विचारतात: बराकीत तू कुणाच्या बाजूला झोपतोस? तुरुंगाची थोडी जरी माहिती असेल त्याला विचारा, तो सांगेल की या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात पहिल्या तिन्हींचं अर्धं उत्तर असतं.

पेण, रोहा आणि आजूबाजूच्या गावांतल्या घरांना तुरुंग म्हटलं की दोन ठिकाणं आठवतात. एक अलिबागचा जिल्हा कारागृह, आंग्र्यांच्या काळातल्या हिराकोट किल्ल्यात असलेला. दुसरा तळोजा मध्यवर्ती कारागृह, आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरजवळ. आपल्या समाजात या विषयावर दबक्या आवाजात बोललं जातं. ज्याच्या घरचा माणूस आत असतो तो लग्नकार्यात मागे बसतो, मशिदीतून लवकर निघतो. पण आकडे बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि जागा होती ४ लाख ३६ हजारांची. त्यातले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत मुस्लिमांचं प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त आहे. राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने (टिस) या कैद्यांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेक जण पहिल्यांदाच आत आलेले आणि कुठल्याही टोळीशी संबंध नसलेले निघाले.

मुद्दा हा आहे की टोळीशी संबंध नसलेला मुलगा आत गेल्यावर टोळीचा का होतो? याचं उत्तर शोधताना जगातल्या वेगवेगळ्या तुरुंगांकडे बघितलं, तर आपल्याकडची गोष्टही जास्त नीट समजते.

न लिहिलेले कायदे

भिंतीवर तुरुंगाचे नियम लावलेले असतात. त्याशिवाय कैद्यांचे स्वतःचे नियम असतात आणि ते जवळजवळ सगळ्या देशांत सारखे आहेत. खबऱ्या व्हायचं नाही. दुसऱ्याच्या केसमध्ये नाक खुपसायचं नाही. उधार घेतलं तर फेडायचं. बायका-मुलांवर हात टाकून आलेल्याला कुणी जवळ करत नाही. म्हाताऱ्या माणसाला चाचा किंवा काका म्हणून हाक मारायची आणि त्याला जागा द्यायची. नवीन माणूस आला की आधी विचारायचं, कुठल्या केसमध्ये आलास?

अमेरिकेतले अभ्यासक ग्रेशम साइक्स यांनी १९५८ साली न्यू जर्सीतल्या एका तुरुंगावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. तुरुंगात माणसाची फक्त मोकळीक जात नाही. त्याच्या वस्तू जातात, बायकोची सोबत जाते, स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायचा हक्क जातो आणि सुरक्षितपणा जातो. एवढं सगळं गेल्यावर माणसाकडे एकच गोष्ट उरते, चार लोकांतली त्याची इज्जत. म्हणून बाहेर ज्या गोष्टीवर आपण हसून पुढे जाऊ, तिच्यावरून आत डोकी फुटतात. पाण्याची बादली ओलांडली, कुणाच्या अंथरुणावर पाय पडला, सगळ्यांसमोर आईवरून शिवी दिली, एवढंही पुरतं.

छोटा तुरुंग आणि मोठा तुरुंग

मग सगळीकडे टोळ्या का नाहीत? डेव्हिड स्कारबेक या अभ्यासकाने अनेक देशांच्या तुरुंगांची तुलना करून २०२० साली एक पुस्तक लिहिलं. त्यांचं उत्तर आपल्या भाषेत असं मांडता येईल.

रोह्यात किंवा अष्टमीत एखादा मुलगा चुकला तर लोक म्हणतात, अरे हा तर अमक्याचा पोरगा. सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून प्रत्येकाला आपापलं नाव जपावं लागतं. मुंबईच्या गर्दीत तसं चालत नाही. तिथे कोण कुणाचा मुलगा हे कुणाला ठाऊक नसतं, म्हणून लोक विचारतात, तू कुणाचा माणूस? तुरुंगाचंही तसंच आहे. कैदी थोडे असतील तर ओळखीवर काम भागतं. हजारोंची गर्दी झाली की प्रत्येकाला कुठल्या तरी गटाचं नाव लावावं लागतं.

कॅलिफोर्नियात हेच झालं. जुन्या काळी तिथे कैद्यांचा सामाईक नियम चालायचा. १९७० नंतर कैद्यांची संख्या प्रचंड वाढली आणि वंशावर आधारलेल्या टोळ्या बळकट झाल्या. काळे एकीकडे, गोरे एकीकडे, मेक्सिकन वंशाचे आणखी वेगळे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी आपल्या रंगाच्या गटात जावं लागतं. गटातल्या एकाने उधारी बुडवली तर तिचा भार सगळ्या गटावर येतो. त्या मुलाला टोळी आवडते म्हणून तो जातो असं नाही. एकटं राहणं परवडत नाही, म्हणून जातो.

सरकार हात काढून घेतं तेव्हा

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियाच्या ला पाझ शहरात सान पेद्रो नावाचा तुरुंग आहे. तिथे पोलिस बहुतेक बाहेरच्या भिंतीपुरते असतात. आत कैदी आपले प्रतिनिधी निवडतात, खोल्या विकत किंवा भाड्याने घेतात, दुकानं चालवतात. काहींची बायका-मुलंही आत राहत आली आहेत. पैसा असेल त्याला चांगली खोली, नसेल तो दुसऱ्याची चाकरी करतो.

ब्राझीलमध्ये १९९२ साली साओ पावलोच्या कारांदिरू तुरुंगात पोलिस घुसले आणि १११ कैदी मारले गेले. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, त्याच राज्यातल्या दुसऱ्या तुरुंगात कैद्यांनी ‘पीसीसी’ नावाची संघटना काढली. सुरुवातीला त्यांचं म्हणणं होतं की आम्ही एकमेकांचं रक्षण करू. आज ती ब्राझीलमधली सगळ्यात मोठी गुन्हेगारी टोळी मानली जाते. सरकारने जीवाची हमी दिली नाही, ती टोळीने दिली, आणि बदल्यात माणूस आयुष्यभरासाठी बांधून घेतला.

रशियात ही गोष्ट आणखी कडू आहे. तिथल्या तुरुंगांत कैद्यांच्या जणू जाती आहेत. वर ‘कायद्यातले चोर’ म्हणवणारे म्होरके, ज्यांचा शब्द आत चालतो. सगळ्यात खाली बहिष्कृत लोक. त्यांची ताट-वाटी वेगळी, झोपायची जागा संडासाजवळ, घाण काम त्यांच्याकडे. त्यांच्या कपाला हात लावला तर लावणाराही खाली घसरतो. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२३ साली निकाल दिला की हे अमानुष आहे आणि ते चालू देणारं रशियन सरकार जबाबदार आहे.

हे वाचून आपल्याला धक्का बसायचं कारण नाही. आपल्याकडे हा भेद कैद्यांनी नाही, सरकारी नियमावलीनेच लिहून ठेवला होता. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत झाडू आणि संडासाचं काम खालच्या समजल्या गेलेल्या जातींना, स्वयंपाक वरच्या जातींना, अशी वाटणी होती. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. निकाल आला, पण आतल्या सवयी मोडायला वेळ लागतो.

सरकार स्वतः इज्जत देतं तेव्हा

नॉर्वेत हाल्देन नावाचा तुरुंग २०१० साली सुरू झाला. तिथे गंभीर गुन्ह्यातले कैदीही आहेत. पण पहारेकरी त्यांच्याशी बोलतात, सोबत बसतात, खेळतात. नॉर्वेत या नोकरीसाठी दोन वर्षांचं शिक्षण घ्यावं लागतं. त्यांचं तत्त्व असं की मोकळीक काढून घेणं हीच शिक्षा, त्यावर अपमानाची वेगळी शिक्षा नाही. अडचण आली तर कैदी साहेबाकडे जाऊ शकतो, मग भाईकडे कशाला जाईल?

जपानचं उदाहरण मला शिक्षक म्हणून जास्त भावलं. जपानचे तुरुंग शांत आणि शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध आहेत. चालायचं कसं, बसायचं कसं, बोलायचं कधी, सगळं ठरलेलं. पण त्या शिस्तीच्या आडून नागोया तुरुंगात कर्मचारी कैद्यांना छळत होते, हे २०२२ साली बाहेर आलं. त्यानंतर तिथल्या न्याय खात्याने बदल केले. त्यातला एक असा: एप्रिल २०२४ पासून कर्मचाऱ्यांनी कैद्याला नुसत्या आडनावाने हाक मारायची नाही, नावापुढे ‘सान’ लावायचं. ‘सान’ म्हणजे आपल्याकडचं ‘साहेब’, ‘जी’ किंवा ‘राव’. अरे-तुरेवरून अहो-जाहोवर यायला एक पैसा खर्च होत नाही. वर्गात जिथे मुलाला नावाने, नीट हाक मारली जाते तिथे तो वेगळा वागतो, हे कुठलाही शिक्षक सांगेल. मोठी माणसंही त्याला अपवाद नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात

आपल्याकडे दोन्ही गोष्टी दिसतात. एक म्हणजे भाईगिरी. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात कैदी अधिकृत क्षमतेच्या कित्येक पट. झोपायला हातभर जागा. अशा ठिकाणी जागा, पाणी, औषध आणि फोन ज्याच्या ताब्यात, तो भाई. टोळ्यांची हाणामारी नको म्हणून प्रशासन वेगवेगळ्या टोळ्यांना वेगवेगळ्या बराकींत ठेवत आलं. त्यामुळे भांडणं टळली असतील, पण एखादा भोळा मुलगा ज्या बराकीत पडला त्या टोळीचा ठरू लागला.

या इज्जतीचं खरं मोल बघायचं असेल तर अबू सालेमचं बघा. ज्याच्या नावाने मुंबई घाबरायची, त्याच्यावर २०१० साली आर्थर रोडमध्ये हल्ला झाला. मग त्याला तळोज्याला हलवलं. तिथे जून २०१३ मध्ये त्याच्यावर गोळी झाडली गेली. तुरुंगाच्या आत! भीतीवर उभी राहिलेली इज्जत असलेल्या माणसाला झोपसुद्धा सुखाची लागत नाही. आपल्या मुलांना हे सांगायला हवं. मोबाईलवर ते भाई लोकांचे व्हिडिओ बघतात, त्यात हा भाग नसतो.

दुसरी गोष्टही त्याच तळोज्यातली. फादर स्टॅन स्वामी ८३ वर्षांचे, कंपवातामुळे हातात पेला धरता येत नव्हता. पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात जावं लागलं. पण त्यांनी पत्रातून कळवलं होतं की सोबतचे कैदी त्यांना जेवायला मदत करतात, आंघोळ घालतात, कपडे धुतात, दुखणारे गुडघे चोळून देतात. त्यातले काही अगदी गरीब घरातले होते. जुलै २०२१ मध्ये त्यांचं रुग्णालयात निधन झालं. नियमांना जे जमलं नाही ते कैद्यांनी केलं. म्हाताऱ्याचा मान राखायचा, हाही तुरुंगातला न लिहिलेला कायदाच आहे.

भायखळ्याच्या महिला कारागृहात २३ जून २०१७ रोजी मंजुळा शेट्ये या कैदी वॉर्डनचा मृत्यू झाला. अंडी आणि पाव कमी पडल्याची तक्रार केली म्हणून कर्मचाऱ्यांनी मारहाण केली, असा आरोप आहे आणि सहा कर्मचाऱ्यांवर खटला भरला गेला. दुसऱ्या दिवशी आतल्या बायका छतावर चढल्या. त्यांच्यावर दंगलीचा गुन्हा नोंदला गेला, तरी त्यांनी साक्ष द्यायची तयारी दाखवली. ‘तोंड उघडायचं नाही’ हा तुरुंगाचा पहिला नियम त्यांनी मोडला, कारण इज्जतीचा दुसरा अर्थ त्यांना कळला होता.

असंच एक जुनं उदाहरण दिल्लीच्या तिहारचं. फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा नावाच्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. स्वतःसाठी नाही. पैसे उकळण्यासाठी दुसऱ्या एका कैद्याला वॉर्डर छळतोय, हे सांगण्यासाठी. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं, आणि तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत, असा तो प्रसिद्ध निकाल झाला.

आणि आपल्या समाजाने विसरू नये असं नाव म्हणजे अब्दुल वाहिद शेख. मुंबईतले शाळाशिक्षक. २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात अटक, नऊ वर्षं तुरुंगात, २०१५ मध्ये निर्दोष. आत असताना त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिलं. त्याच खटल्यातल्या उरलेल्या १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडलं. त्यातला एक तोपर्यंत तुरुंगातच वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलंय, पण सुटलेल्यांना परत आत जायला न्यायालयाने सांगितलेलं नाही. अर्ज लिहून देणारा, कागद वाचून दाखवणारा, तारीख समजावून सांगणारा माणूस बराकीत हवाच असतो. ही इज्जत इल्मची आहे, आणि ती कुणाकडून उधार घ्यावी लागत नाही.

आखातातल्या भावांचं काय?

आपल्या कोकणात घरटी एक माणूस दुबई, सौदी, कुवेत किंवा कतारला. मार्च २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशातल्या तुरुंगांत १० हजारांहून जास्त भारतीय आहेत, आणि त्यातले जवळजवळ निम्मे फक्त सौदी आणि अमिरातीत. दुबईत कुरआन हिफ्ज करणाऱ्या कैद्याला शिक्षेत सूट मिळते, रमजानमध्ये दरवर्षी अनेकांना माफी मिळते. पण तिथला कायदा कडक आणि भाषा परकी. म्हणून हे लक्षात ठेवा: १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार अटक झालेल्या परदेशी माणसाने मागणी केली तर त्याच्या दूतावासाला कळवणं बंधनकारक आहे. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. अमिरात, सौदी, कतारशी भारताचे करार आहेत, त्यानुसार उरलेली शिक्षा भारतात भोगण्यासाठी अर्ज करता येतो.

घरच्यांनी काय करायचं?

इतक्या देशांच्या गोष्टींतून एकच गोष्ट निघते. माणसाला आत सुरक्षितपणा, औषध, वकील आणि दोन गोड शब्द कुणीतरी द्यावे लागतात. सरकारने दिले नाहीत, घरच्यांनी दिले नाहीत, तर भाई देतो. भाई फुकट देत नाही. तो सुटकेनंतर वसूल करतो.

म्हणून पहिलं काम, मुलाखत चुकवू नका. ज्याचं नाव मुलाखतीला पुकारलं जातं, त्याच्या मागे कुणीतरी आहे हे सगळ्या बराकीला कळतं. लाजेपोटी जाणं बंद केलं की त्याच दिवशी मुलगा एकटा पडतो. जाता येत नसेल तर ई-मुलाकातची चौकशी करा. मुलांना बापाला जवळून भेटता यावं म्हणून महाराष्ट्रात ‘गळाभेट’ हा उपक्रमही झाला आहे, त्याबद्दल कारागृहात विचारा.

दुसरं, पैसे फक्त अधिकृत मार्गाने पाठवा. ‘आत त्याला सांभाळतो, इतके द्या’ असं सांगत कुणी घरी आला तर देऊ नका. ती उधारी मुलाच्या नावावर चढते.

तिसरं, वकील. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क आहे. अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा त्यांचा देशभरचा फोन क्रमांक. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ वकिलाला विचारा. पूर्वी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मुदत निम्म्या शिक्षेची. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला आणि एकापेक्षा जास्त केस चालू असलेल्यांना हे लागू नाही. कोर्टात अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे, पण घरच्यांनी पाठपुरावा केला तर कागद लवकर हलतो.

चौथं काम मोहल्ल्याचं. ज्याचा बाप आत आहे त्या मुलाला शाळेत, मदरशात कुणी टोमणा मारणार नाही, याची काळजी आपणच घ्यायची. बाप सुटून आला की त्याला सलाम करायचा, कामावर लावायचं. जमातने ठरवलं तर एखाद्या घराची फी आणि वकिलाचा प्रवासखर्च सहज निघतो.

आपल्या दीनमध्ये कैदी हा विसरायचा माणूस नाही. कुरआनने कैद्याला खाऊ घालणाऱ्यांची तारीफ केली आहे. हजरत युसूफ (अलैहिस्सलाम) बेगुनाह असून वर्षानुवर्षं कैदेत राहिले, आणि सोबतचे कैदी त्यांच्याकडे स्वप्नाचा अर्थ विचारायला आले, कारण त्यांना तो माणूस नेक वाटला. सीरतच्या पुस्तकांत येतं की बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे सुटकेचे पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होतं, त्यांना दहा-दहा मुलांना शिकवायच्या बदल्यात सोडलं गेलं. शत्रूच्या कैद्यालाही उस्तादाचा दर्जा!

पेण-रोह्यातून तळोज्याला किंवा अलिबागला जाणाऱ्या एखाद्या अम्मीला या आठवड्यात सोबत करता आली तर करा. येणाऱ्या मुलाखतीत तिने तो चौथा प्रश्नही विचारावा. आणि उत्तर ऐकून मुलाला एवढंच सांगावं: तुझ्या मागे आम्ही आहोत, कुणाचा माणूस व्हायची तुला गरज नाही.